सहा नंबरचा चिमटा

मित्रांनो, तुमच्या घरी कपड्यांच्या दोरीवर माझे भाऊबंद नक्की असतील. ओला टॉवेल दातांत धरून वाऱ्यावर लोंबकळणारे, कुणाचेही लक्ष नसलेले. मीही त्यांच्यातलाच एक जुना लाकडी चिमटा आहे. फरक इतकाच, की कपडे मी जेमतेम वर्षभर धरले. नंतर माझ्या अंगावर लाल रंगाने सहाचा आकडा आला. त्या आकड्यापायी एका माणसाचा डोळा गेला आणि दोन भाऊ एकमेकांना मुकले.

माझा जन्म करवतीखाली झाला. एका ओंडक्याच्या आधी फळ्या झाल्या, मग पट्ट्या, मग बोटाएवढे तुकडे. त्यातले दोन तुकडे पाठीला पाठ लावून एका यंत्राने धरले आणि मधे पोलादाची स्प्रिंग ठासली. त्या क्षणापासून माझा जबडा मिटलेला आहे. चावून धरणे हाच माझा स्वभाव. कुणी दाबले तरच मी सोडतो, आपण होऊन कधीच नाही.

ज्या घरी मी आलो तिथले बाबा कारखान्यात टर्नर होते. लेथवर लोखंड कातायचे. मी त्यांना बाबा म्हणतो, कारण त्या घरातल्या मुलीच्या तोंडून मी तेच ऐकत आलो. एका सकाळी त्यांनी मला दोरीवरून काढले, तेव्हा मुलीची आई दारातच उभी होती.

"माझे चिमटे कुठे जातात ते आज कळलं. चोर घरातलाच निघाला."

"एकच घेतोय गं."

"एकच! मागच्या महिन्यात दोन नेले, ते काय विमानाला कपडे घालायला?"

बाबांनी हसून मला खिशात टाकले आणि लाल रंगाची डबी शोधू लागले.

माझे नवे काम नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ रिमोटवर चालणारी विमाने उडवत. खेळण्यातली नव्हेत. दोन्ही हात पसरावेत एवढे पंख, नाकात तेलावर चालणारे खरे इंजिन. त्या काळी प्रत्येक रिमोटला एक ठराविक चॅनेल असे. एकाच चॅनेलवरचे दोन रिमोट एकदम चालू झाले, तर आकाशातल्या विमानाला दोन मालकांचे हुकूम मिळत आणि ते वेडे होऊन कोसळे. म्हणून मैदानाच्या कडेला एक फळी ठोकलेली होती. फळीवर प्रत्येक चॅनेलचा एकच चिमटा. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. उतरल्यावर रिमोट बंद करायचा आणि चिमटा परत फळीवर लावायचा. चिमटा जागेवर असेल तर आकाश मोकळे. दुसरी कुठलीही खूण नाही.

दोघा भावांचा चॅनेल एकच होता, सहा. एकाला बदलून घेता आला असता. काका म्हणाले, "राहू दे दादा. तू उडवशील तेव्हा मी बघीन, मी उडवीन तेव्हा तू बघ. दोघं एकदम वर गेलो, तर आपली विमानं बघायला उरलं कोण?"

काका वायरमन होते. दिवसभर खांबावर चढायचे आणि सुटीच्या दिवशीही मान वर करूनच उभे राहायचे.

लांबून पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटे. जवळ आले की कळे. इंजिनाची किंकाळी दातांत शिरायची. पंखा इतका जोरात फिरे की तो दिसायचाच नाही, नुसता हवेत एक धुरकट गोल. त्या गोलाने एकदा मैदानात घुसलेल्या कुत्र्याचा कान उडवला. दातांचे एक डॉक्टरही तिथे उडवायला येत; त्यांचे विमान दुसऱ्या एका विमानावर आदळले, तेव्हा पंखाची फळकुटे अर्ध्या मैदानावर पडली आणि एक खिळ्यासारखी टोकदार कांडी कुणाच्या तरी मोटारीच्या टपात उभी रुतली. जमिनीवर पडलेले प्रत्येक विमान आधी गप्प होई, मग त्यातून तेल ठिबकू लागे.

हिवाळ्यात गर्दी कमी होई. त्या थंड मुलखात बर्फ पडले की फक्त हट्टी माणसे येत. वारा पडलेला असे, आणि चाके काढून त्या जागी लाकडी पट्ट्या लावल्या की विमान बर्फावर अलगद उतरे. पण थंडी कुणालाही सोडत नसे. बॅटऱ्या बगलेत धरून ऊब द्यावी लागे, नाहीतर त्या हवेतच मान टाकत. रबर कडक होऊन तुटे. बोटे लाकडासारखी होत. एकदा बाबांनी काठी न घेता बोटानेच पंख्याला झटका दिला आणि इंजिन एकदम सुरू झाले. त्यांना काही कळलेच नाही.

"दादा, विमान लाल कधी रंगवलंस?" काकांनी विचारले, आणि बोलता बोलता त्यांचाच चेहरा पांढरा पडला. बाबांची दोन बोटे हाडापर्यंत उघडी झाली होती. रक्त आधी दिसले, दुखणे नंतर आले.

हिवाळ्यात मलाही त्रास होई. नियमाप्रमाणे मला रिमोटच्या एरियलवर, म्हणजे वर निघालेल्या लांब दांडीवर, लावायचे असते. गोठलेल्या एरियलवर माझी पकड बसेना. एकदा बाबांचे विमान वर असताना मी निसटून बर्फात पडलो. विमान उतरले. काकांची पाळी आली, पण चिमटाच नाही. फळीची राखण करणारे मास्तर, एका शाळेतून निवृत्त झालेले, हाताची घडी घालून म्हणाले, "चिमटा नाही तर उड्डाण नाही. मग तुम्ही सख्खे भाऊ असा की जुळे."

तासभर शोधाशोध झाली.

"तू नीट लावलाच नव्हतास," काका म्हणाले.

"तू घाई केलीस. पोरासारखा मागे लागतोस."

"मी पोर? आणि तू कोण रे, मैदानाचा मालक?"

काकांनी ढकलले. बाबांनी ठोसा मारला. दोघे जाड कोटांसकट बर्फात लोळू लागले. काकांचा ओठ फुटला, बाबांच्या हाताचे टाके उसवले. आणि मग काका एकदम ओरडले, "थांब, थांब! पाठीला काहीतरी चावतंय!" तो मी होतो. दोघे तसेच रक्ताळलेले, पालथे पडून हसत राहिले.

त्यानंतर बाबांनी तो निर्णय घेतला. मुलगी अकरा वर्षांची होती आणि दर सुटीला त्यांच्याबरोबर येई. काका तिला टॉवर म्हणत, विमानतळावरचा कंट्रोल टॉवर. "टॉवर, धावपट्टी मोकळी का?" असे विचारत आणि ती हात हलवी. बाबांनी मला तिच्या मुठीत ठेवले.

"हा तू धर. विमान उतरलं की जाऊन फळीवर लाव. एवढंच काम."

मास्तर कुरकुरले. "चिमट्याची जागा एरियलवर. नियम थंडीपुरते बदलत नाहीत."

"तिच्या मुठीतून तो पडणार नाही," बाबा म्हणाले.

ते खरे होते. मित्रांनो, मी त्या मुठीतून कधीच पडलो नाही. लोकरी हातमोज्याच्या आत, तिच्या तळहाताशी मी असे. माझे गोठलेले लाकूड हळूहळू गरम होई. सगळ्या आयुष्यात मला इतकी ऊब कधी मिळाली नाही. मुलीला आपल्या कामाचा फार अभिमान होता. बाबांचे विमान वर असेपर्यंत ती कुणाशी बोलतही नसे.

तो दिवस त्या हिवाळ्यातला सर्वांत थंड होता. श्वास मफलरवर गोठून पांढरा होत होता. बाबांनी विमान वर घेतले आणि बराच वेळ उडवत राहिले. काका पायांवर उड्या मारत आपल्या विमानापाशी थांबले होते. मुलीची पावले बधिर झाली होती. ती एक पाय दुसऱ्यावर ठेवून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी मोटारीकडे पाहत होती, कारण मोटारीत गरम दुधाचा थर्मास होता.

मग इंजिनाचा आवाज उतरला. विमान खाली आले, त्याच्या पट्ट्या बर्फाला टेकल्या, बर्फाचा भुगा उडाला. तिने ते डोळ्यांनी पाहिले आणि ती वळली.

बाबा त्या दिवशी नवी कसरत करत होते. विमान टेकवायचे, क्षणभर बर्फावरून पळवायचे आणि थांबू न देता पुन्हा वर न्यायचे. त्यांनी तिला हे सांगितले नव्हते. ती तीस पावले चालून फळीपर्यंत गेली, हातमोजा काढला आणि मला सहाच्या खिळ्याला लावले. तिची पाठ मैदानाकडे होती. शेजारी दातांच्या डॉक्टरांचे इंजिन बोंबलत होते, त्यामुळे आपल्या विमानाचा आवाज पुन्हा चढलेला तिला ऐकू आला नाही. मास्तर शेडमध्ये शेगडीपाशी होते. ती मोटारीकडे धावली.

मी तिथे काही क्षणच होतो. काका आले. आपल्या विमानावर वाकलेले असल्याने त्यांनीही बाबांचे विमान टेकलेले तेवढे पाहिले होते. बटणे दाबायची म्हणून त्यांनी हातमोजा काढलेला होता. त्यांनी मला उघड्या बोटांनी उचलले आणि थंडीत माणसे गरम पेला धरतात तसे क्षणभर मुठीत धरले. मग एरियलवर लावले आणि रिमोट चालू केला.

मी वर असल्यामुळे मला सगळे दिसले. चाळीस फुटांवर बाबांचे विमान सरळ चालले होते. ते एकदम उलटे झाले. पूर्ण वेगाने, पोट आकाशाकडे करून, ते माणसांच्या दिशेने वळले. बाबा ओरडले, "सहा! सहा कुणी चालू केला?" त्यांचे अंगठे रिमोटच्या दांड्यांवर झगडत होते, पण विमान आता कुणाचेच ऐकत नव्हते. काकांनी आवाजाच्या दिशेने मान वर केली, सवयीने. पंखा त्यांच्या चेहऱ्यातून गेला.

आधी टरबूज फुटावे तसा आवाज झाला. मग लाकूड फुटल्याचा. इंजिन बर्फात नाक खुपसून आणखी दोन सेकंद ओरडत राहिले आणि लाल चिखल उडवत बंद पडले. काका गुडघ्यांवर होते. त्यांच्या बोटांमधून रक्त वाहत होते आणि जिथे पडे तिथे बर्फातून वाफ येत होती. "दादा," ते म्हणत होते, "दादा, मला एका बाजूनं दिसत नाही रे. दादा, बघ ना जरा."

बाबांनी आपला मफलर त्यांच्या चेहऱ्यावर दाबला. मास्तर शेडमधून धावत आले.

"चिमटा कुणाकडे होता? सहाचा चिमटा कुणाकडे होता?"

मोटारीच्या दारापाशी मुलगी उभी होती. थर्मासचे झाकण तिच्या हातात होते. बाबांनी तिच्याकडे एकदाच पाहिले.

"मी चिमटा घेतलाच नव्हता," ते म्हणाले. "थंडीत विसरलो. तो सकाळपासून फळीवरच होता."

मास्तर थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. विमान उडवणाऱ्याने चिमटा न घेता उडवणे म्हणजे भरल्या रस्त्यावर डोळे मिटून गाडी चालवणे. त्यांनी काकांच्या एरियलवरून मला खेचले आणि बाबांच्या तोंडावर फेकले.

"या मैदानावर पुन्हा पाय ठेवलास तर पाय मोडीन. सख्ख्या भावाला आंधळा केलास."

बाबांनी मला बर्फातून उचलले आणि खिशात टाकले.

काकांचा उजवा डोळा गेला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून खांबावर चढणेही गेले. दोन आठवड्यांनी ते घरी आले. डोक्याला पट्ट्या होत्या. बाबा मागच्या अंगणात होते. घणाखाली रिमोट ठेवून तुकडे करत होते. विमानाचे आधीच झाले होते. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले. मुलगी स्वयंपाकघराच्या काचेआड होती. तिला फक्त दिसले.

"दादा, खरं सांग."

"सांगितलंय."

"मी तो हातात घेतला होता, दादा. मला कळलंय."

बाबांनी घण खाली टाकला आणि भावाच्या कानफटात मारली, चांगल्या डोळ्याच्या बाजूला. पट्ट्यांवर लाल ठिपका उमटला. "हे परत बोललास तर दुसराही फोडीन. कळलं? माझ्यासमोर नाही, तिच्यासमोर नाही, कुणासमोर नाही."

"पोरीच्या हातात दिलास कशाला?" काका दबक्या आवाजात ओरडले. बाबांनी पुन्हा हात उगारला. काका हलले नाहीत. हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. काका फाटकातून निघून गेले. भाऊ भावाच्या घरी आला तो शेवटचाच.

त्यानंतर मी सव्वीस वर्षे त्या खिशात काढली. कोट दोनदा बदलला, मी मात्र एका खिशातून दुसऱ्यात गेलो. लेथवरून घरी येताना बाबा अंगठ्याने मला चोळत, इतके की सहाचा आकडा पुसून गेला. नातेवाईक त्यांना बेफिकीर म्हणत. एका लग्नात कुणीतरी तोंडावर म्हणाले, "यांच्या शेजारी पोरं बसवू नका, विसरतील." ते हसले आणि जागा बदलून बसले.

मुलगी मोठी झाली. दोरीवरचे कपडे ती ओढून काढी, चिमट्याला हात लावत नसे. आईचे दोन पडदे त्यात फाटले. नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायच्या दिवशी ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला एक सांगायचं होतं. त्या दिवशी..."

"स्वेटर घेतलास का?" बाबांनी विचारले. "तिकडे थंडी असते." आणि ते उठून स्वेटर शोधायला गेले. ते बराच वेळ शोधत राहिले. स्वेटर तिच्या अंगातच होता.

बाबा एका हिवाळ्यात गेले. छातीत कळ आली आणि लेथवरच कोसळले. त्यांना निरोप द्यायला काका आले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता परतले. तीन आठवड्यांनी मुलीने कोट झाडायला घेतला आणि तिच्या हाती मी लागलो. ती मला ओळखणार नाही असे वाटले होते, कारण आकडा उरला नव्हता. तिने मला पाहिले आणि ती जमिनीवर बसली.

दुसऱ्याच दिवशी ती काकांकडे गेली. काका पुढच्या खोलीत टेबलापाशी बसून कुणाची तरी इस्त्री दुरुस्त करत होते. पांढरे केस, गालापासून कपाळापर्यंत जुना व्रण. तिने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवले.

"काका, त्या दिवशी हा मी लावला होता फळीवर. बाबांनी नाही. विमान उतरलं असं मला वाटलं. मला थंडी वाजत होती."

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला नाही. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"हातात घे तो. कसा लागतो?"

"गार."

"सकाळपासून फळीवर असलेला चिमटा त्याहून गार हवा. बोटाला चिकटेल असा. दादा म्हणाला, तो सकाळपासून तिथंच होता. पण मी उचलला तेव्हा तो उबदार होता गं. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखा. मला इतकं बरं वाटलं, की मी तो घटकाभर धरून ठेवला." त्यांनी स्क्रू घट्ट केला. "मोटारीजवळ तू उघड्या हातानं उभी होतीस. मग कळायला काय उरलं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की, एकदा. ही दाढ अजून हलते." ते हसले. मग गंभीर झाले. "दादाला एकच पाहिजे होतं, तुझ्याकडे कुणी बोट दाखवू नये. आणि मला खोटं जमत नाही. घरी आलो असतो तर तुझ्याकडे बघावं लागलं असतं, मला माहीत आहे हे तुला कळलं असतं. मी म्हटलं, पोर मोठी होईल, एक दिवस येईल आणि आपण होऊन सांगेल. मग दादाला लपवायला काय उरेल? मी जाईन, त्याला शिव्या घालीन, तो मला घालील, संपलं. रोज वाट बघितली."

त्यांनी इस्त्री बाजूला केली.

"उशीर केलास, टॉवर. फक्त तीन आठवडे."

मुलीने मला मुठीत धरले होते. तिने मूठ इतकी आवळली की माझा जबडा उघडला आणि तिच्या तळव्याच्या मांसात मिटला. मला सोडता येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे. रक्त आले. तिने हात हलवला नाही. काकांनी तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि ते एकेक बोट उघडू लागले.

"सोड आता," ते म्हणाले. "विमान उतरलं."

मित्रांनो, मी आता काकांच्या टेबलावर असतो आणि दुरुस्तीला आलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या धरतो. त्या वेळी तिला एवढेच सांगितले होते की उतरल्यावर लाव, आणि उतरणे म्हणजे काय हे कुणी सांगितले नव्हते. म्हणून माझे मागणे एवढेच आहे. लहान मुलाच्या हातात काही विश्वासाने दिलेत, तर ते कधी सोडायचे हेही नीट सांगा. आणि तुमच्या मुठीत काही अडकून राहिले असेल, तर ते ज्याचे आहे त्याच्यापाशी जा आणि मूठ उघडा. मला उघडायला दुसऱ्याचा हात लागतो. तुम्हाला लागत नाही.